गुटगुटीतपणाचे कौतुक

मूल गुटगुटीत असले की पाहणाऱ्याचा हात आपोआप त्याच्या गालाकडे जातो. अंगाने बेताचे असले तर मात्र त्याच्या आईला ‘घरात खायला घालीत नाही की काय?’ हा प्रश्न निमूटपणे ऐकावा लागतो. सुदृढ बालकांच्या स्पर्धांतून बक्षिसे मिळत आली तीही बहुधा वजनालाच. देवी, हगवण आणि हिवताप यांनी घरोघरची मुले ओढून नेली त्या काळी अंगावरचे बाळसे ही जगण्याची हमी वाटे; म्हणून त्या कौतुकाला आम्ही हसणार नाही. पण काळ पालटला, कौतुक मात्र तेच राहिले.

युनिसेफने सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील ५ ते १९ वर्षे वयाच्या मुलांत लठ्ठपणाचे प्रमाण ९.४ टक्के, तर कमी वजनाचे ९.२ टक्के झाले आहे. लठ्ठपणाने अशक्तपणाला मागे टाकण्याची ही पहिलीच वेळ होय. आपल्या देशात पाच वर्षांखालील वाजवीपेक्षा अधिक वजनाची मुले २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ती ३.४ टक्के आढळली. आकडा लहान दिसतो, पण त्याची चाल पाहावी. त्याच सर्वेक्षणात गोव्यातील ३६ टक्के स्त्रिया आणि सुमारे ३३ टक्के पुरुष अतिवजनाचे किंवा लठ्ठ आढळले. मूल ज्यांच्या पंक्तीला बसून जेवायला शिकते त्या वडीलधाऱ्यांचीच ही अवस्था आहे.

प्रौढांचा म्हणून ओळखला जाणारा मधुमेह आता शाळकरी वयात दिसू लागला आहे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की, भारतीय अर्भक वजनाने कमी भरले तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते. तेव्हा ‘मोठे झाले की आपोआप सडसडीत होईल’ ही समजूत आपल्या मुलांच्या बाबतीत तर फारच धोक्याची आहे.

यात पालकांनी काय करावे? उकड्या तांदळाची पेज, नाचण्याचे सत्त्व, हुमण-शीत, मुगागाठी आणि सोलकढी यांवर आपल्या पिढ्या वाढल्या. आज सकाळच्या पेजेची जागा बिस्किटांनी घेतली आहे आणि दहा वाजताच्या डब्यात मसालेदार चिप्सची पुडी येऊन बसली आहे. तीनशे मिलिलिटर शीतपेयात सुमारे तीस ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते. एवढी साखर चहात घालणाऱ्या आईला सासूने काय म्हटले असते? मूल स्वतःच्या पैशाने बाजारहाट करीत नाही. फ्रीजमध्ये बाटली येते ती मोठ्यांच्या हातून. घरात काय यावे आणि ते केव्हा वाढावे हे मोठ्यांनी ठरवावे. पोट किती भरले हे मात्र मुलाला ठरवू द्यावे. पान स्वच्छ झालेच पाहिजे म्हणून मोबाइलवरची चित्रे दाखवीत शेवटचा घास कोंबणे म्हणजे भुकेची नैसर्गिक खूण पुसून टाकणे होय.

हा सारा बोजा आईच्या माथी मारणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. कचेरीतून परतताना सामोशांचा पुडा घेऊन येणारे बहुधा वडीलच असतात आणि नातवाच्या मुठीत गुपचूप चॉकलेट सरकवणारे आजोबा. चवथीच्या नेवऱ्या किंवा जत्रेचे खाजे कोणी बंद करावे असे आमचे म्हणणे नाही; सण वर्षाचे चार दिवस असतात. तक्रार आहे ती रोजच साजऱ्या होणाऱ्या सणाची.

खेळाची कथा वेगळी नाही. जागतिक आरोग्य संघटना शाळकरी मुलांना दिवसाकाठी किमान साठ मिनिटे अंगमेहनतीची हालचाल सांगते. आम्ही त्यांना दोन फर्लांगांवरच्या शाळेत स्कूटरवरून सोडतो आणि संध्याकाळ शिकवणीला देतो. मुलगी जरा मोठी झाली की तिचे मैदान तर घरचेच लोक बंद करतात. आणि एवढे करून वजन वाढले की त्याच मुलाला पाहुण्यांसमोर ‘जाड्या’ म्हणून हाक मारायची! अशा थट्टेने वजन उतरत नाही. मूल लपून खायला मात्र शिकते.

सरकारची जबाबदारी आम्ही विसरलेलो नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉकलेट, बिस्किटे आणि आइस्क्रीम यांवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आणणाऱ्यांनी शीतपेयांवर मात्र ४० टक्के कर बसवला. या दोन निर्णयांत सुसंगती शोधणे आम्हांस जमलेले नाही. जास्त मेद, मीठ वा साखर असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०२० पासून आहे. पालक-शिक्षक संघाच्या पुढील बैठकीनंतर चार पालकांनी मोजपट्टी घेऊन फाटकाबाहेर पन्नास मीटर मोजून पाहावेत. वाटेत गाडेवाला भेटला तर त्याला हाकलू नये, त्याचेही पोट आहे. उकडलेले शेंगदाणे आणि चणे ठेवशील तर मुलांना तुझ्याकडेच पाठवू, असे त्याला सांगावे आणि आपला शब्द पाळावा.