उसाचं विमान आणि काजळीचा हिशेब

19 मे 2023 ला पुण्याहून दिल्लीला एक विमान गेलं, तेव्हाच्या एअरएशिया इंडियाचं. टाकीत पुण्याच्याच प्राज कंपनीने देशी कच्च्या मालातून बनवलेलं जैवइंधन मिसळलेलं होतं. झालं! आमच्या नगरात (अहिल्यानगर हो, पण सावेडीत जीभ वळायला वेळ लागतोय) उसावर विमान, धूर नाही की काजळी नाही, अशा गप्पा अजून चालतात. मंडळी, ते मिश्रण होतं जेमतेम 1 टक्क्यापर्यंत.

आता काजळी येते कुठून? इंजिनात जिथे हवा कमी आणि इंधन जास्त, तिथे अ‍ॅरोमॅटिक्स म्हणजे कड्यांसारखे रेणू नीट जळत नाहीत, एकमेकांना चिकटतात. त्यातही नॅप्थॅलीन (आपली डांबरगोळी!) भलतंच वाईट. कार्बन उसातला की विहिरीतला, काजळीला काही देणंघेणं नाही. बहुतेक जैवइंधनांत ही कडी जवळपास नसतात, म्हणून काजळी कमी, बस्स. नासाने 2013-14 मध्ये डीसी-8 च्या मागे विमानं उडवून मोजलं: अर्धं-अर्धं मिश्रण वापरलं तर उंचीवरचे कण 50 ते 70 टक्क्यांनी घटले. म्हणजे विमानामागच्या पांढऱ्या रेघेत बर्फाचे कणही कमी, आणि त्या रेघाही पृथ्वी तापवतात. जबरीच आहे हे.

पण अर्धं-अर्धं! साध्या इंधनात 18 टक्के अ‍ॅरोमॅटिक्स धरा. 1 टक्का स्वच्छ इंधन मिसळलं की उरतात 17.82. हजार ओळींच्या कोडमधल्या दहा बदलायच्या आणि रिलीज नोटमध्ये 'संपूर्ण नवीन' लिहायचं, त्यातला प्रकार.

सरकारचं उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी 2027 ला 1, 2028 ला 2 आणि 2030 ला 5 टक्के. कार्बनसाठी करा की, कोण नको म्हणतंय? काजळीच्या नावाने मात्र विकू नका. शिवाय कडीवाले रेणू असलेलं जैवइंधनही बनतं, कारण जुन्या रबरी सीलना फुगायला ते लागतात. मिश्रणात किमान 8 टक्के अ‍ॅरोमॅटिक्स हवेत असा नियमच आहे. तेव्हा 'जैव' या लेबलवरून काजळीचं काहीच कळत नाही.

काजळीच कमी करायची असेल तर रिफायनरीत हायड्रोजन वापरून नॅप्थॅलीन काढा. खर्च येईल, पण फायदा अख्ख्या टाकीला. आज 3 टक्क्यांपर्यंत चालतं. ही मर्यादा खाली आणा, आणि प्रत्येक विमानतळावरच्या इंधनातला आकडा जाहीर करा.