शिडाच्या बोटीवरचा संसार

बोट घेऊन बेटाबेटांवर हिंडायचे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर श्रीमंतांची चैन उभी राहते. सिनेमावाल्यांनी तशी समजूतच करून दिली आहे. परंतु लहानशा शिडाच्या बोटीवर संसार कसा चालतो हे पाहायचे असेल, तर वाचक बंधुभगिनींनी रेनॉल्ड्स कुटुंबाची हकीकत ऐकावी. तीत चैन थोडी आणि हिशेब फार आहे.

अर्ल रेनॉल्ड्स हे अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ. अणुबॉम्बच्या किरणोत्साराचा मुलांच्या वाढीवर काय परिणाम झाला, याचा अभ्यास करण्यासाठी ते १९५१ ते १९५४ या काळात हिरोशिमात नोकरीला होते. तेथेच त्यांनी ५० फूट लांबीची, दोन डोलकाठ्यांची बोट बांधून घेतली. तिचे नाव 'फिनिक्स'. ऑक्टोबर १९५४ मध्ये पत्नी बार्बरा, १६ वर्षांचा टेड, १० वर्षांची जेसिका आणि तीन जपानी सहकारी, अशी सात माणसे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली.

५० फूट म्हणजे दहा बाय दहाच्या पाच खोल्या एकापुढे एक. त्यातही दोन्ही टोके निमुळती, आणि त्यातच शिडे, दोरखंड, नांगर, धान्य व माणसे. अशा बोटीवर गोडे पाणी म्हणजे तिजोरीतली रोकड. जमा फक्त बंदरात किंवा पावसात, खर्च मात्र रोजचा. म्हणून भांडी आणि अंघोळ समुद्राच्या पाण्यावर. चूल अशी टांगलेली असते की बोट कलली तरी ती सपाट राहते. तरीही स्वयंपाक करणाऱ्याला एका हाताने भांडे आणि एका हाताने स्वतःला धरावे लागते. रात्री सर्वांनी झोपून चालत नाही. गिरणीसारख्या पाळ्या असतात. तीन-चार तास सुकाणू धरायचे, मग दुसऱ्याला उठवायचे.

आणि जायचे कुठे, हे कसे कळणार? त्या काळी उपग्रह नव्हते. सूर्याची व ताऱ्यांची उंची मोजायची, घड्याळ पाहायचे आणि गणित मांडायचे. घड्याळ ४ सेकंद चुकले तर विषुववृत्तापाशी बोटीची जागा एक सागरी मैल चुकते. हे गणित फिनिक्सवर टेड करीत असे. प्रवाळाची बेटे पाण्यापासून जेमतेम काही फूट उंच असतात. माडांचे शेंडे दिसेतो बेट सात-आठ मैलांवर आलेले असते. आत शिरायचे ते सूर्य डोक्यावर असताना. पाणी निळे तर खोल, हिरवे तर उथळ, तपकिरी दिसले तर खाली प्रवाळ आणि तळ फुटलाच म्हणून समजा. जेसिकाची शाळा बोटीवरच होती. ती रोजनिशी लिही. आम्हांला या मुलीचे फार कौतुक वाटते.

ताहिती, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, न्यूयॉर्क असे करीत १९५८ मध्ये फिनिक्स होनोलुलूला लागली. आता एकच टप्पा उरला होता, हिरोशिमा. व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात; ते शिडाच्या बोटीला ज्या वाटेने नेतात त्या वाटेवरच मार्शल बेटे आहेत. तेथे अमेरिका अणुचाचण्या करीत होती. १९४६ मध्ये बिकिनी बेटावरील १६७ माणसांना घरे सोडायला लावली होती. १ मार्च १९५४ च्या स्फोटाची राख रोंगेलाप बेटावरील लोकांच्या अंगावर पडली. कातडी भाजली, केस गळाले. जपानी मच्छीमार बोटीवरील २३ जण त्या राखेत सापडले, त्यांपैकी कुबोयामा त्याच वर्षी वारले. आता हा समुद्रच अमेरिकी सरकारने बंद केला होता. 'गोल्डन रूल' या बोटीतून निषेधासाठी तिकडे निघालेल्या चौघांना होनोलुलूत पकडून शिक्षाही झाली. रेनॉल्ड्स कुटुंबाने तो खटला जवळून पाहिला.

मग बोटीवर बोलणी झाली. जपानी सहकाऱ्यांपैकी आता एकटे निइची मिकामी उरले होते, ते हिरोशिमाचेच. दुसऱ्याच्या बेटावर राख टाकणाऱ्यांनी खुला समुद्र आपल्या मालकीचा कसा म्हणावा, हा प्रश्न आम्हांलाही बिनतोड वाटतो. कुणी म्हणेल, १४ वर्षांच्या मुलीला अशा ठिकाणी न्यावे काय? म्हणावेच. पण रोंगेलापच्या पोरांना कुणी विचारले होते?

१ जुलै १९५८ रोजी फिनिक्स बंदी असलेल्या समुद्रात शिरली आणि अर्ल यांनी रेडिओवरून तसे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी तटरक्षक दलाचे अधिकारी बोटीवर चढले. अर्ल यांना विमानाने होनोलुलूला नेऊन खटला भरला गेला, शिक्षाही ठोठावण्यात आली. बोट मागे क्वाजालिनला अडकली होती. ती बार्बरा, टेड आणि मिकामी यांनी कित्येक आठवडे वाऱ्याच्या तोंडावर हाकत परत आणली. येताना जो वारा पाठीशी होता, तोच आता समोर!

१९६० मध्ये वरच्या न्यायालयाने अर्ल यांची शिक्षा रद्द केली. त्याच वर्षी जुलैमध्ये फिनिक्स हिरोशिमाला पोहोचली. मिकामी सहा वर्षांपूर्वी ज्या किनाऱ्यावरून निघाले होते, तेथेच उतरले.