पूरक आहाराचा शोध आता यंत्राकडे. लेबलावरील मजकुराची हमी कोणाची?

थकवा आला, केस गळू लागले, गुडघे दुखू लागले की कोणती गोळी घ्यावी, हे विचारण्याचे ठिकाण आजवर औषधाचे दुकान असे, नाहीतर शेजार. आता हा प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ‘एजंट’कडे, म्हणजे वापरकर्त्याच्या वतीने स्वतः माहिती शोधणाऱ्या आणि प्रसंगी खरेदीपर्यंत काम नेणाऱ्या प्रणालीकडे जात आहे. अँथ्रोपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ खुला केल्यानंतर अशा प्रणालींना बाहेरच्या माहितीसाठ्यांशी जोडणे सोपे झाले. पूरक आहाराची उत्पादने शोधून देणारी साधने हा त्यातलाच एक प्रकार.

या क्षेत्रातील सर्वात मोठा खुला साठा अमेरिकेत आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या लेबल-कोशात दोन लाखांहून अधिक उत्पादनांच्या लेबलांची नोंद असून संगणक प्रणालींनाही तो थेट वाचता येतो. त्याचा लाभ खरा आहे. भाषा-प्रतिमान नुसत्या स्मरणावर उत्तर देते तेव्हा ते मात्रेचा आकडा सहज रचून सांगू शकते. साधन हाताशी असेल तर निदान छापील लेबल तरी समोर येते.

परंतु लेबल हे उत्पादकाचे कथन आहे, प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे. अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्यानुसार पूरक आहार बाजारात आणण्यापूर्वी सरकारी मान्यता लागत नाही. भारतातील अनुभवही सावध करणारा आहे. केरळमधील डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ३६ प्रथिन-पूरकांपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या लेबलावर प्रथिनांची माहिती चुकीची आढळली. काहींत बुरशीजन्य अफ्लाटॉक्सिनही होते. एजंटने ही ३६ लेबले अगदी बिनचूक वाचली असती, तरी ग्राहकाची फसवणूक टळली नसती.

दुसरी अडचण मोजमापाची. ‘ड’ जीवनसत्त्वाचे प्रमाण अमेरिकी लेबलांवर आता मायक्रोग्रॅममध्ये असते, आपल्याकडे सर्रास आंतरराष्ट्रीय एककांत बोलले जाते. ४० एकके म्हणजे एक मायक्रोग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाची दैनंदिन गरज ६०० एककांची आहे. डॉक्टर मात्र कमतरता असल्यास ६० हजार एककांची मात्रा देतात. ती आठवड्यातून एकदा, आणि तीही ठरावीक काळच घ्यायची असते. अमेरिकी लेबले पाहून शिकलेले यंत्र ‘दिवसाला एक’ असे गृहीत धरू शकते. तसे झाले तर रोजच्या गरजेच्या शंभर पट मात्रा शरीरात जाईल. रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होण्याची वाट हीच. एका ‘साप्ताहिक’ या शब्दावर इतके अवलंबून आहे.

अश्वगंधेचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे. भारतात ती आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावरही विकली जाते आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या पूरक आहार नियमांखालीही. अमेरिकेत ती केवळ पूरक आहार. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली, तर इतरत्र यकृताला इजा झाल्याच्या काही घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. मुळाचे चूर्ण, पानांचा अंश आणि तीव्र अर्क या तिन्ही गोष्टी शोधाच्या चौकटीत ‘अश्वगंधा’ या एकाच नावाने उतरतात. वैद्य त्यांत फरक करतो. साधनाने तो करावा असे वाटत असेल, तर वनस्पतीचा भाग आणि अर्काचे प्रमाण यांची नोंद स्वतंत्र रकान्यात असली पाहिजे.

शिवाय लेबलाला घेणारा माणूस ठाऊक नसतो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्याने लोह वा कॅल्शियम तिच्यापासून सुमारे चार तासांच्या अंतराने घ्यावे लागते. केसांसाठी खपणारे बायोटिन हृदयविकाराच्या निदानात वापरल्या जाणाऱ्या ट्रोपोनिन चाचणीचा निकाल बिघडवू शकते. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्येच तसा इशारा दिला होता. तेव्हा ‘कोणते औषध चालू आहे’ हे न विचारता उत्पादन सुचवणारा एजंट दुकानाच्या गल्ल्यावरील घाईत असलेल्या पोऱ्याहून वेगळा नाही. त्यातही तो विक्रीच्या दलालीवर चालत असेल, तर ती गोष्ट ग्राहकाला उत्तराआधी कळणे आवश्यक आहे.

भारतीय ग्राहकाच्या हाती सध्या डब्यावरील १४ अंकी परवाना क्रमांक आहे. तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो आणि एजंटलाही ते काम सांगता येईल. त्यातून परवाना कोणाचा आणि तो चालू आहे की नाही, एवढे समजते. डब्यात प्रत्यक्ष काय आहे, याचे उत्तर नमुना तपासणीतूनच मिळते, आणि ते निष्कर्ष उत्पादननिहाय, यंत्राला वाचता येतील अशा स्वरूपात खुले झाले, तरच भारतीय बाजारासाठी अशा शोधसाधनाला काही आधार राहील.