अभिषेक न झालेला वीर

मुष्टियुद्धासारखा आडदांड विषय ह्या पानावर पाहून वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आठ्या पडतील, हें मी जाणून आहें. परंतु कंसाच्या रंगमंडपांत चाणूर व मुष्टिक ह्यांच्याशीं रामकृष्ण झुंजले, ती कथा आपण घरोघर भक्तीनें ऐकतों. तेव्हां ठोशांचा एवढा तिटकारा मानण्याचें कारण नाहीं. शिवाय आज मला सांगावयाचें आहे, तें ठोशांविषयीं थोडें आणि न्यायाविषयीं अधिक आहे.

घरांतील तरुण मंडळी कोणता खेळाडू श्रेष्ठ ह्यावर वाद घालूं लागली, म्हणजे शेवटीं एकच प्रमाण पुढें करण्यांत येतें : तो जगज्जेता होता कीं नाहीं? हें प्रमाण कितपत निर्दोष आहे तें पाहावयाचें असल्यास सॅम लँगफर्ड ह्या योद्ध्याचें चरित्र डोळ्यांपुढें ठेवावें. हा कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतांत, वेमथ फॉल्स नांवाच्या लहानशा गांवीं एका कृष्णवर्णीय कुटुंबांत जन्मला. जन्मवर्ष कोणी १८८३ देतात, कोणी १८८६. पोरवयांतच तो घर सोडून बोस्टनला आला व जो वुडमन नांवाच्या एका औषधविक्रेत्यानें त्याला आश्रय दिला. ह्या गृहस्थाला मुष्टियुद्धाचा नाद होता. त्याच्या तालमीची झाडलोट करतां करतां मुलगा स्वतःच रिंगणांत उतरला. उंची सुमारें ५ फूट ७ इंच, पण खांदे रुंद आणि हात उंचीच्या मानानें फारच लांब.

ह्या खेळांत वजनाप्रमाणें वर्ग पाडलेले असतात व प्रत्येक वर्गाचा जगज्जेता निराळा असतो. लँगफर्डची परीक्षा घ्यावयाची, तर ती ह्या वर्गांच्या पायऱ्यांनींच घ्यावी. ८ डिसेंबर १९०३ रोजीं बोस्टन येथें त्यानें लाइटवेट वर्गाचा जगज्जेता जो गॅन्स ह्याला १५ फेऱ्यांत गुणांवर हरविलें. गॅन्स आदल्याच रात्रीं फिलाडेल्फियांत खेळून आला होता, हें सांगणें प्राप्त आहे. तरी कालचें पोर गॅन्ससारख्या आचार्याला जिंकतें, ही गोष्ट लहान नव्हे. वजन अधिक भरल्यामुळें अजिंक्यपद मात्र पणास लागलें नव्हतें. पुढल्याच वर्षीं वेल्टरवेट वर्गाचा जगज्जेता, बार्बाडोसचा जो वॉलकॉट, ह्याच्याशीं सामना झाला. १५ फेऱ्यांनंतर पंचानें बरोबरी ठरविली. बरोबरी झाली म्हणजे पद जुन्याकडेच राहतें, त्यामुळें लँगफर्ड रिकाम्या हातीं परतला.

आतां मुख्य प्रकरणाकडे वळूं. २६ एप्रिल १९०६ रोजीं, बोस्टनजवळील चेल्सी गांवीं, त्याची गांठ जॅक जॉन्सनशीं पडली. जॉन्सन २८ वर्षांचा व वजनानें जवळजवळ ३० पौंडांनीं भारी. भागवतांत मथुरेच्या स्त्रियांनीं त्या विजोड मल्लयुद्धाला अधर्म म्हटलें, त्याची येथें आठवण होते. लँगफर्डनें मार पुष्कळ खाल्ला, पण १५ फेऱ्या उभा राहिला. निकाल जॉन्सनच्या बाजूनें लागला, आणि तो योग्यच लागला.

ह्यानंतर अडीच वर्षांनीं, १९०८ च्या डिसेंबरांत, सिडनी येथें टॉमी बर्न्सला हरवून जॉन्सन हेवीवेट वर्गाचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला. तोंपर्यंत गोऱ्या जगज्जेत्यांनीं कृष्णवर्णीयांना दारांतच अडविलें होतें. जॉन्सननें स्वतः तो अपमान वर्षानुवर्षें गिळला होता. मग लँगफर्डला दार उघडलें असेल, असें वाचकांस वाटेल. तें उघडलें नाहीं. १९१५ सालीं हवाना येथें जेस विलर्डकडून हार खाईपर्यंत जॉन्सननें त्याला अजिंक्यपदासाठीं एकदांही सामना दिला नाहीं.

कारणें देण्यांत आलीं. दोन कृष्णवर्णीयांचा सामना पाहावयास प्रेक्षक पैसे मोजणार नाहींत, हें एक; आणि व्यवहारदृष्ट्या त्यांत तथ्यही होतें. दुसरें कारण लँगफर्डच्या ठेंगण्या देहाचें सांगतात, पण तें टिकत नाहीं. कारण ऑक्टोबर १९०९ मध्यें ह्याच जॉन्सननें मिडलवेट वर्गाच्या स्टॅन्ली केचेलशीं आपलें पद पणास लावलें होतें. केचेल शरीरानें लँगफर्डहून मोठा नव्हता, परंतु गोरा होता. बाराव्या फेरींत केचेलनें जॉन्सनला खालीं पाडलें व लागलीच स्वतः बेशुद्ध झाला. त्यानंतर सहा महिन्यांनीं फिलाडेल्फियांत लँगफर्ड व केचेल सहा फेऱ्या समोरासमोर लढले. तेथील नियमाप्रमाणें निकाल द्यावयाचा नव्हता. वीस फेऱ्यांचा सामना व्हावा अशी इच्छा पुष्कळांची होती, पण त्याच वर्षीं केचेलचा गोळी घालून खून झाला.

रंगभूमीवर कर्ण उभा राहिला तेव्हां कृपाचार्यांनीं त्याचें कुल विचारलें, हा प्रसंग सर्वांस पाठ आहे. पण कर्णाला निदान दुर्योधन भेटला व जागच्या जागीं अंगदेशचा अभिषेक तरी झाला. लँगफर्डला कुल विचारणारे पुष्कळ भेटले, आणि त्यांत स्वतः सूतपुत्र म्हणून हिणविला गेलेला एक होता. ह्या एका गोष्टीपाशीं माझें मन नेहमीं अडखळतें.

परिणाम असा झाला कीं हे नाकारलेले योद्धे पोटासाठीं एकमेकांशींच लढत राहिले. हॅरी विल्स, सॅम मॅक्वे, जो जेनेट ह्या प्रत्येकाशीं लँगफर्ड दहाहून अधिक वेळां झुंजला. विल्सनें उत्तरकाळीं त्याला वारंवार हरविलें. पण तोंवर लँगफर्डचें वय झालें होतें, आणि विल्सलाही पुढें जॅक डेंप्सीनें अजिंक्यपदाचा सामना कधीं दिला नाहींच. डेंप्सीनें मात्र आपल्या आत्मवृत्तांत मोकळेपणानें कबूल केलें आहे कीं, आपण एकाच माणसाला भ्यालों व तो लँगफर्ड. विलर्डनंतर हेवीवेटचें दार कृष्णवर्णीयांना बावीस वर्षें बंद राहिलें. तें १९३७ सालीं जो लुईनें उघडलें.

तर मग तुलनेचा निकाल काय? १९१० सालीं जॉन्सनशीं पुन्हां गांठ पडती, तरी लँगफर्ड खात्रीनें जिंकता असें मी म्हणणार नाहीं; जॉन्सनची बचावाची कला अपूर्व होती आणि देहाचें अंतर कायमच होतें. टॉमी बर्न्सला मात्र त्यानें हरविलें असतें असें मला वाटतें, व मिडलवेट वर्गांत त्या काळीं त्याच्या वरचढ कोणी होता हें मला पटत नाहीं. ज्या विद्यार्थ्याला परीक्षेच्या दालनांतच घेतलें नाहीं, त्याचे गुण शून्य मांडणारा शिक्षक मीं चाळीस वर्षांच्या नोकरींत पाहिला नाहीं. खेळाच्या याद्या करणारे मात्र तेंच करतात.

१९१७ सालीं फ्रेड फुल्टनशीं लढतांना त्याचा डावा डोळा निकामी झाला. पुढें उजवाही मंदावला. तरी तो लढत राहिला, कारण दुसरा चरितार्थ नव्हता. १९२२ च्या जूनमध्यें अटलांटा येथें, समोरचा माणूस आकृतीपुरताच दिसत असतां, त्यानें टायगर फ्लॉवर्सला दुसऱ्या फेरींत गारद केलें. हाच फ्लॉवर्स १९२६ सालीं मिडलवेटचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला.

१९४४ सालीं न्यूयॉर्कच्या हेरल्ड ट्रिब्यून पत्राचा अल लेनी हा बातमीदार त्याचा शोध घेऊं लागला, तेव्हां तो केव्हांच वारला असें त्याला अनेकांनीं सांगितलें. शेवटीं हार्लेममधील एका काळोख्या खोलींत तो सांपडला, पूर्ण आंधळा, पण वृत्तीनें प्रसन्न. तो लेख वाचून लोकांनीं सुमारें १०,००० डॉलर जमविले व त्यावर त्याची उरलेलीं वर्षें गेलीं. १२ जानेवारी १९५६ रोजीं केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथें तो वारला. आदल्याच वर्षीं रिंग मासिकाच्या मानाच्या नामावलींत त्याचें नांव घालण्यांत आलें होतें.