‘असू दे’चं वजन

व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनातून बाहेर पडलं की समोर थेट कालवाच. रिक्षा नाही, टॅक्सी नाही, नुसतं पाणी! २०१५च्या मे महिन्यात मी तिथे पहिल्यांदा गेले, तेव्हा आधी ‘वॉव’ म्हणाले आणि पुढच्याच मिनिटाला ‘आई गं’ म्हणाले. कारण हॉटेल कालव्याच्या पलीकडे, मध्ये दगडी पूल, पुलाला पायऱ्या आणि माझ्या हातात २३ किलोची, चार चाकांची, चकचकीत जांभळी बॅग. चाकं पायऱ्यांवर फिरत नाहीत, हे एवढं साधं ज्ञान मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्या पुलाने दिलं. व्हेनिसमध्ये असे चारशेहून जास्त पूल आहेत. हॉटेलपर्यंत मला त्यातले पाच लागले. आपल्याकडे असतात तसे हमाल तिथे दिसले नाहीत, आणि बरोबरच्या दोघी मैत्रिणी आपापली बॅग ओढत माझ्याच शब्दांत ‘आई गं’ म्हणत होत्या.

काय होतं त्या बॅगेत? पाच जीन्स. हेअर ड्रायर. तीन जोड चपला-बूट. मॅगीची बारा पाकिटं, चिवडा, खाकरे. छत्री. एक पार्टी ड्रेस, जो पार्टीच न झाल्यामुळे घडी न मोडता परत आला. पाचपैकी दोन जीन्स वापरल्या, त्यातली एक धुतली तर दोन दिवस वाळली नाही आणि ओली होऊन आणखी जड झाली!

तेव्हा मला वाटलं होतं, दोष बॅगेचा. आता कळतं, दोष ‘असू दे’चा. बॅग भरताना आपल्या घराघरांत हा शब्द किती वेळा येतो ते एकदा मोजा. थंडी वाजली तर? असू दे. जेवण नाही मिळालं तर? असू दे. त्यात विमान कंपनी २३ किलो फुकट नेऊ देते म्हटल्यावर आपल्यासारखे लोक १९ किलोवर थांबतील होय? वजन विमानात फुकट असतं हो, खांद्यावर नसतं.

मग आलं २०२५. आई बँकेतून रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती, युरोप तिच्या मनात कितीतरी वर्षांपासून होता आणि गुडघे कुरकुर करायला लागले होते. डॉक्टरांनी सांगितलं, चाला भरपूर, उचलू काही नका. म्हणजे ग्रुप टूरची पळापळ नको, आपण दोघींनीच आगगाडीने सावकाश फिरायचं. रोम, व्हेनिस, इंटरलाकेन, पॅरिस. १७ जून ते २ जुलै. आता आगगाडी म्हणजे बॅगेचं वजन कुणी करत नाही हे खरं, पण बॅग डब्यात चढवायची तुम्ही, वरच्या फळीवर टाकायची तुम्ही आणि गाडी बदलताना काही मिनिटांत दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर पोचायचं तेही तुम्हीच. दोन बॅगा उचलणारी मी एकटी. त्यामुळे मी फर्मान काढलं: माणशी सात किलो. एक ग्रॅम जास्त नाही.

आई काही बोलली नाही. तिने किचनमधला डिजिटल काटा आणून पलंगावर ठेवला. केकचा मैदा मोजतो ना, तोच.

पुढचे दोन दिवस आमच्या घरात जे चाललं त्याला पॅकिंग म्हणत नाहीत, छाननी समिती म्हणतात. पहिला बळी गेला माझ्या केबिन ट्रॉलीचा. रिकामीच २ किलो ८०० ग्रॅम! म्हणजे सातातले जवळजवळ तीन किलो नुसतं प्लास्टिक वाहायचं. ती गेली, साधी सॅक आली. आईच्या दोन सुती साड्या एक किलोच्या वर भरल्या, त्या तिने स्वतःच बाजूला काढल्या. तीन कुर्ते, दोन पातळ पँट आणि एक ओढणी. ती ओढणी आख्ख्या ट्रिपचा हीरो ठरली. रोमला सेंट पीटर्स बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, तिथे ती कामाला आली. (२०२५ हे कॅथलिकांचं ज्युबिली वर्ष, रांग म्हणजे आपली मंगळवारची सिद्धिविनायकाची!) उन्हात डोक्यावर आली, गाडीत उशी झाली, एका रात्री पडदाही झाली. कारण जूनमध्ये पॅरिसला रात्री पावणेदहाला उजेड असतो आणि आईला उजेडात झोप येत नाही.

पेढ्यांवर मात्र खडाजंगी झाली. आमचे दूरचे नातेवाईक पॅरिसला राहतात, त्यांच्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? पण युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ स्वतःपुरतेसुद्धा नेता येत नाहीत. पेढे गेले, तुपाची बाटली गेली. चिवडा वाचला, पण पाव किलोच. औषधांना काटा लावला नाही. ती पूर्ण सोळा दिवसांची, वर चार दिवसांची जास्त, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. औषधांची नावं मूळ घटकाच्या नावाने लिहून घ्या बरं का, आपल्या ब्रँडचं नाव तिथल्या फार्मसीत कुणाला कळणार? शांपू, क्रीम सगळं १०० मिलीच्या आतल्या बाटल्यांत. काही विमानतळांवर नवे स्कॅनर आल्यापासून हा नियम सैल झालाय, पण परतीच्या विमानतळावर तो असेल या भरवशावर राहू नका.

शेवटी आईची बॅग ६ किलो ४०० ग्रॅम. माझी? ९ किलो १००.

“यात काय आहे?” म्हणून आईने माझ्या सॅकचा मागचा कप्पा उघडला. ऑफिसचा लॅपटॉप, चार्जर, माउस. काट्यावर ठेवलं. दोन किलो तीनशे.

“हे कशाला?”

“असू दे गं. काही अर्जंट आलं तर...”

बोलले आणि जीभ चावली. आई हसली नाही, तिने फक्त काट्यावरचा आकडा माझ्याकडे फिरवला. माझ्या साताचा एक तृतीयांश!

आता तुम्हाला काय सांगू, तुम्हीही त्याच चक्कीत दळताय. मी बॉसला विचारलं. तो म्हणाला, “अगं घेऊन जा, उघडावाच लागणार नाही. जस्ट इन केस.” म्हणजे इंग्रजीतलं असू दे! रात्री दोनपर्यंत मला झोप नव्हती. एका मोठ्या क्लायंटचं काम आमच्याकडे येऊ घातलं होतं, आठ महिने मी त्याच्या मागे होते, आणि प्रेझेंटेशन मी परतल्यावर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ठरलं होतं. ठरलं होतं! सकाळी उठून मी लॅपटॉप ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीच्या हातात दिली. सगळ्या फायलींसकट.

सहा किलो आठशे. निघालो.

रोमला पस्तिशीच्या पुढचं ऊन. पण तिथे रस्त्यारस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे जुने नळ आहेत, अडीच हजारांच्या आसपास, त्यामुळे एका रिकाम्या बाटलीवर भागलं. कपडे रोज रात्री बेसिनमध्ये धुवायचे, हॉटेलच्या कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिळायचे आणि खुर्चीवर टाकायचे. पातळ कुर्ते सकाळी कडकडीत. व्हेनिसला तोच पूल आला. मी उगीचच श्वास रोखला. आई स्वतःची बॅग पाठीला लावून, कठड्याला धरून वर गेली आणि मधोमध उभी राहून फोटो काढायला लागली. मी खालीच होते!

मिलानहून स्वित्झर्लंडला जाणाऱ्या गाडीत फोन वाजला. क्लायंटला घाई झाली होती, प्रेझेंटेशन परवावर आलं होतं. बॉसचा आवाज गोड होता, म्हणजे तो चिडला होता. “तुझ्याकडे लॅपटॉप नाही?” थोड्या वेळाने गोठार्डचा बोगदा लागला. जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा, ५७ किलोमीटर. वीस मिनिटं मी काळ्या काचेत स्वतःचं तोंड बघत बसले. सात किलोचा माज नडला, असंच वाटत होतं. बाहेर आल्यावर मैत्रिणीला फोन केला, तासभर तोंडी सगळं समजावलं, मध्येच गाडी बदलली. (बॅग पाठीवर होती म्हणून फोन कानाला लावून बदलता आली, हेही खरं.) इंटरलाकेनला रात्री जेवण गेलं नाही. आईने एकदाच विचारलं, “असता तर काय केलं असतंस?” मी म्हटलं, “रात्रभर बसले असते.” “आणि उद्या?” उद्या आम्हाला युंगफ्राउयोखला जायचं होतं, ३,४५४ मीटरवर.

गेलो. बॅगेत होतं नव्हतं ते सगळं एकावर एक चढवून, दोन कुर्ते, थर्मल, वर विंडचीटर, अशा दोन गाठोड्या जूनच्या बर्फात उभ्या. आईने बर्फाचा गोळा करून मला मारला. बँकेतल्या तीस वर्षांत हिने कुणाला काही फेकून मारलं असेल असं मला वाटत नाही.

प्रेझेंटेशन मैत्रिणीने दिलं, छान दिलं. काम मिळालं. आणि ते आता तिच्याकडेच आहे. मला वाईट वाटलं का? वाटलं ना! अजून वाटतं, विशेषतः शुक्रवारच्या मीटिंगमध्ये ती स्क्रीनसमोर उभी राहते तेव्हा.

पॅरिसला १ जुलैला उष्णतेचा रेड अलर्ट होता, आयफेल टॉवरचं सगळ्यात वरचं टोक बंद. आम्ही नदीकाठी सावलीत बसून उरलेला चिवडा संपवला. मुंबईला उतरलो तेव्हा सगळं विमान पट्ट्याभोवती बॅगांची वाट बघत उभं होतं. त्यांच्यामधून वाट काढत आम्ही दोघी थेट बाहेर.

पुढच्या जूनसाठी आईने स्पेन काढलंय. लॅपटॉप न्यायचा की नाही, मी अजून ठरवलेलं नाही. प्रोजेक्ट नवा आहे, बॉस तोच आहे. आईने मात्र डब्यांच्या मागचा काटा काढून आत्ताच ओट्यावर ठेवलाय.