आधी पादत्राण पाहावे, मग तैल द्यावे

शेगावची पालखी अकोल्यावरून, तर रुक्मिणीमातेची पालखी अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपूरहून पंढरपूरला जाते. पिंडिकोद्वेष्टनाने त्रस्त वारकरी आले की आपण तैल देऊन मोकळे होतो. आमच्या मते हे अपुरे आहे. उंच टाचेच्या पादत्राणात पोटरीचे स्नायू आखूड स्थितीत राहतात. मग एकाएकी सपाट चपलेने वा अनवाणी दूर चालल्यास अथवा धावल्यास त्यांवर व टाचेच्या कंडरेवर अधिक ताण पडतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, पादाभ्यंगाबरोबर पादत्रधारणही सांगितले आहे. म्हणून वैद्यांनी रुग्णाची पादत्राणे पाहावीत. औषधी विक्रेत्यांनीही तैल देताना त्यांची चौकशी करावी. पादत्राण बदलणे झाल्यास ते वारीपूर्वी, हळूहळू बदलावे. पायांची संवेदना मंदावलेल्या मधुमेही रुग्णास अनवाणी चालण्याचा नवस मात्र आपणच आग्रहपूर्वक सोडावयास सांगावा.