‘शुगर-फ्री’, पण कोणासाठी?

गेल्या गणपतीत कसबा पेठेत आजोबांकडे गेले होते. आजोबांना डायबेटिस, त्यामुळे त्यांच्या चहात साखरेऐवजी गोडीची गोळी. आजी म्हणाली, "तू कॉन्व्हेंटची ना? मग वाच बरं, डबीवर एवढं बारीक काय लिहिलंय ते!" मी वाचलं, ‘नॉट फॉर फिनाइलकीटोन्युरिक्स’. उच्चार कसाबसा जमला, अर्थ मात्र शून्य!

होस्टेलवर आल्यावर शोधलं. गोळीत अ‍ॅस्पार्टेम होतं. त्याचं निम्म्याहून जास्त वजन फिनाइलअ‍ॅलनिन या अमिनो आम्लाचं. ते दूध, डाळ, अंडी यांतही असतं आणि आपलं यकृत त्याची विल्हेवाट लावतं. पण फिनाइलकीटोन्युरिया, म्हणजे पीकेयू, घेऊन जन्मलेल्या बाळात त्यासाठी लागणारं एन्झाइमच धड काम करत नाही. मग ते रक्तात साठतं आणि वाढत्या मेंदूला कायमची इजा होते. आईवडील दोघेही ठणठणीत असतात. दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं की झालं.

म्हणून अ‍ॅस्पार्टेम सर्वांनाच विष आहे असं मुळीच नाही. दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम ही मर्यादा जागतिक तज्ज्ञ समितीने २०२३ मध्येही कायम ठेवली. आजोबांनी गोळी खुशाल घ्यावी.

माझा प्रश्न वेगळा आहे. ती सूचना फक्त स्वतःचा आजार ठाऊक असलेल्यालाच उपयोगी. तो ठाऊक होणार कसा? जन्मानंतर टाचेतून रक्ताचे थेंब फिल्टर पेपरवर घेऊन. अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ही सोपी चाचणी आणली. पहिल्या काही आठवड्यांत आहार बदलला, तर ते मूल इतरांसारखं शिकतं, अगदी इंजिनिअरिंगलाही येऊ शकतं! आपल्याकडे मात्र प्रत्येक बाळाची ही चाचणी होतेच असं नाही. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात पीकेयूचं नाव आहे. पण बाळ तपासलंच नाही, तर आजाराचं नाव यादीत असून काय उपयोग?

दुसरा एक आजार तर डबीवरही नसतो. काहींना जन्मतःच फ्रुक्टोज पचत नाही. उष्टावणाची गोड खीर चाटवली की बाळाला उलट्या, रक्तातली साखर एकदम खाली. अशी माणसं मोठेपणी गोडापासून आपणहून लांब राहतात. आणि आपण? "एक मोदक तरी घ्यायलाच हवा! बरं, ही शुगर-फ्री मिठाई घे!" त्या मिठाईत सॉर्बिटॉल असलं तर शरीरात त्याचं फ्रुक्टोजच होतं. म्हणजे आगीतून फुफाट्यात!

तेव्हा मित्रहो, मला तीन गोष्टी व्हायला हव्यात असं वाटतं. डबीवरची सूचना मराठीत आणि वाचता येईल एवढ्या अक्षरात असावी. प्रत्येक प्रसूतिगृहात टाचेची चाचणी व्हावी. तोवर घरात बाळ येणार असेल तर आपणच डॉक्टरांना विचारावं. आणि तिसरी गोष्ट आजपासून, आपल्या मेसमध्येही जमेल. कुणी गोड नको म्हणालं तर त्याला लाजाळू किंवा शिष्ट समजू नये. वाटी पुढे सरकवण्याआधी एकदा "का रे, बाधतं का?" एवढं विचारावं.